नाव कुणाचे, तबकडी कुणाची?

१

अनोळखी डीजेला यश मिळायचे तर काय लागते, हा प्रश्न दलित साहित्य आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या नियतकालिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. डीजे हा शब्द आपल्याकडे मिरवणुकीतल्या गोंगाटाशी जोडला गेला आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे श्रीमंतांच्या पोरांची चैन, असा आपल्या प्राध्यापक मित्रांचा समज आहे. या समजाला इतिहासाचा आधार नाही. आज जगभर ज्या यंत्रसंगीतावर लाखो माणसे नाचतात, ते शिकागो आणि डेट्रॉइट या दोन शहरांतल्या काळ्या माणसांनी घडवले. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील काळ्या लेखकांकडे आपले लक्ष वेधले. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ लिहून ती ओळख पक्की केली. १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच उभी राहिली. परंतु आपण काळ्यांच्या कविता-कादंबऱ्यांपाशी थांबलो. ज्यांच्या हाती लेखणी आली नाही, तबकडी आली, त्यांच्याकडे आपण वळून पाहिले नाही.

नवोदित डीजेला सल्ला देणारे आज पुष्कळ आहेत. अंगी गुण असू द्या, कष्ट करा, ओळखी वाढवा, स्वतःचे नाव सतत लोकांपुढे ठेवा. यश आपोआप येईल. हा सल्ला आपल्या ओळखीचा आहे. राखीव जागांना विरोध करणारे 'गुणवत्ता' हा शब्द ज्या सुरात उच्चारतात, त्याच सुरात तो दिला जातो. मैदान सपाट आहे, सगळे एकाच रेषेवरून धावतात, जो पुढे गेला तो त्याच्या पायांच्या बळावर गेला, असे त्यात गृहीत धरलेले असते. ज्यांना मैदानातच येऊ दिले नव्हते, त्यांनी हे गृहीत कसे मान्य करायचे? म्हणून यशाचा विचार माणसाच्या अंगच्या गुणापासून सुरू न करता तो माणूस ज्या जागेत उभा होता तिच्यापासून सुरू केला पाहिजे.

२

फ्रँकी नकल्स हा १९५५ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेला काळा तरुण. तेथे लॅरी लेव्हन या मित्राच्या सोबतीने तो तबकड्या वाजवायला शिकला. १९७७ साली रॉबर्ट विल्यम्स याने शिकागोत एक नाचघर चालवायला घेतले. कारखान्यासाठी बांधलेली तीन मजल्यांची ती जुनी इमारत २०६, साऊथ जेफरसन स्ट्रीट येथे होती. तिला लोक 'वेअरहाऊस', म्हणजे वखार, म्हणत. विल्यम्सने आधी लेव्हनला विचारले होते. लेव्हनने न्यूयॉर्क सोडायला नकार दिला, म्हणून नकल्स आला. शिकागोत त्याला कोणी ओळखत नव्हते.

तेथे येणारे कोण होते, हे नीट समजून घ्यावे लागेल. बहुतेक काळे, काही लॅटिन अमेरिकी वंशाचे, आणि त्यांतले पुष्कळ समलिंगी. गोऱ्यांच्या शहरात काळे म्हणून नाकारलेले आणि स्वतःच्या वस्तीत, चर्चमध्ये, घरात समलिंगी म्हणून नाकारलेले. बहिष्कृतांतल्या बहिष्कृतांची ती जागा होती. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी दिवस वर आला तरी चालू असे. नकल्स जुन्या सोल आणि डिस्कोच्या तबकड्या वाजवी. टेपच्या फिती कापून-जोडून गाण्यातला नाचाचा भाग तो लांबवी. मध्येच दिवे घालवून अंधारात धडधडत येणाऱ्या आगगाडीचा आवाज सोडी. आठवडाभर ज्या अंगाने अपमान सोसला, ते अंग त्या एका रात्री अपमानाविना वापरता येई. या संगीताला 'हाऊस' हे नाव 'वेअरहाऊस' या शब्दाच्या शेपटातून मिळाले, असे बहुतेक जाणकार सांगतात. एका जागेच्या नावावरून एका कलेचे नाव पडावे, यातच अनोळखी माणसाच्या यशाची पहिली अट दिसते. त्याला आपली अशी जागा लागते. आणि जागा म्हणजे चार भिंती एवढाच तिचा अर्थ नसतो. जिथे आपल्याला कोणी हाकलणार नाही, जिथे चुकत-चुकत शिकायला वर्षे मिळतात, ती जागा. नकल्सला तशी पाच वर्षे मिळाली. १९८२ साली तो तेथून बाहेर पडला आणि त्याने 'पॉवर प्लांट' हे स्वतःचे नाचघर उघडले.

या जागेच्या भिंतीबाहेर काय चालले होते? १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्याच कॉमिस्की पार्क या मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. स्टीव्ह डाल हा गोरा रेडिओ निवेदक त्याचा सूत्रधार. सोबत एक तबकडी आणणाऱ्याला प्रवेश अवघ्या ९८ सेंटमध्ये होता. सुमारे पन्नास हजार माणसे जमली. स्फोटानंतर जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्या दिवशी तेथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणारा एक काळा मुलगा होता, व्हिन्स लॉरेन्स. सिंथेसायझर घेण्यासाठी तो पैसे साठवत होता. पुढे त्याने सांगितले, की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्या, नुसत्या काळ्या गायकांच्या तबकड्याही पुष्कळ होत्या. संगीताची नावड म्हणून जे सांगितले गेले, ते कुणाच्या नावडीतून आले होते हे त्या पोराला तिथेच कळले. आपल्याकडे ग्रंथ जाळणाऱ्यांचा आणि पुतळे फोडणाऱ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

३

या घटनेनंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतले. नव्या तबकड्या येईनाशा झाल्या, आणि नाचघरे तर भरत होती. मग पोरांनी स्वतःच संगीत करायला घेतले. त्यांच्याकडे वाद्यवृंद नव्हता, ध्वनिमुद्रणाचे दालन नव्हते. होती ती जपानच्या रोलँड कंपनीची, बाजाराने टाकून दिलेली यंत्रे. कंपनीचे 'टीआर-८०८' हे तालयंत्र १९८० ते १९८३ एवढेच निघाले. खर्जाच्या तारा छेडणाऱ्या वादकाच्या जागी वापरायचे 'टीबी-३०३' हे यंत्रही दोन-तीन वर्षांत बंद पडले, कारण त्याचा आवाज खऱ्या वाद्यासारखा येईना. उच्चभ्रू वादकांनी ही यंत्रे विकून टाकली आणि जुन्या वस्तूंच्या दुकानातून ती काळ्या पोरांच्या हाती स्वस्तात आली. टाकलेले उचलून त्यातून नवे करणे हा दलितांच्या इतिहासाचा केवढा मोठा भाग आहे!

'फ्यूचर' या नावाने काम करणाऱ्या तिघांनी, डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे यांनी, असे एक जुने ३०३ मिळवले. त्याचे खटके हवे तसे फिरवताना त्यातून चिरकणारा, गुरगुरणारा, पाण्यासारखा हलणारा आवाज निघाला. कंपनीच्या पुस्तिकेत हा आवाज कुठेच नव्हता. त्यांनी टेप भरली आणि ती 'म्युझिक बॉक्स' या नाचघरात रॉन हार्डी या डीजेला दिली. डीजे पिअर यांनी सांगितलेली हकीकत अशी, की हार्डीने ती पहिल्यांदा लावली तेव्हा नाचणारे जागा सोडून निघून गेले. त्याने रात्रीतून ती पुन्हा लावली, पुन्हा लावली. चौथ्या वेळी लोक वेडे झाले. १९८७ साली ती 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नावाने तबकडीवर आली आणि तिच्यातून 'अ‍ॅसिड हाऊस' हा एक संपूर्ण प्रकार जन्माला आला.

कलाकृती म्हणून तिच्याकडे पाहिले तर काय दिसते? अकरा मिनिटांहून अधिक चालणाऱ्या या रचनेत गाणे नाही, कथा नाही, स्वरांची चढती रचनाही नाही. एकच छोटी स्वरपंक्ती फिरत राहते आणि तिचा पोत तेवढा बदलतो. पाश्चात्य अभिजात संगीताच्या कसोटीवर ती नापास होईल, आणि आपल्या रागसंगीताच्या कसोटीवरही. दलित कवितेला 'ही कविताच नाही' म्हणणाऱ्यांनी जी चूक केली, तीच येथे होण्याचा संभव आहे. ही रचना कानाने बसून ऐकायची नाही. ती अंगाने, गर्दीत, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी ऐकायची आहे. तिचे मोल त्या जागेत ठरते आणि ठरवणारे नाचणारेच असतात. त्या रात्री समीक्षकही तेच होते. त्यांनी आधी नाकारले, मग ऐकत-ऐकत स्वतःची अभिरुची बदलली. हार्डीचे मोठेपण असे, की पहिल्या नकाराने तो डगमगला नाही. आणि त्याला डगमगावे लागले नाही, कारण ती गर्दी दर आठवड्याला त्याच्यावर विश्वास टाकून येत होती. भीमराव कर्डकांचा जलसा काय, वामनदादांचे गाणे काय, चाळीच्या पटांगणात असाच समोरच्या माणसांच्या तोंडावर पारखला गेला.

नुसते यंत्र आणि नुसता गुण पुरत नाही, याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी हीच यंत्रे, ८०८ आणि ३०३, वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्यांची तबकडी निघाली. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'च्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट! आज ती ऐकणारा थक्क होतो. पण तेव्हा ती खपली नाही. २०१० साली परदेशी संग्राहकाच्या हाती लागून ती पुन्हा निघाली तेव्हा जगाने चरणजित सिंगांचे नाव ऐकले. २०१५ साली ते वारले. त्यांच्यात उणे काय होते? प्रतिभा होती, कौशल्य होते, यंत्र होते. वखार नव्हती. तबकडी चौथ्यांदा लावणारा कोणी नव्हता, आणि चौथ्यांदा ऐकायला थांबणारी माणसे नव्हती.

४

आता मालकीकडे येऊ. १९८४ साली जेसी सॉन्डर्स याने त्याच व्हिन्स लॉरेन्सच्या साथीने 'ऑन अँड ऑन' ही तबकडी काढली. हाऊसची ही पहिली तबकडी समजतात. पण तबकडी छापायची कुठे? शिकागोत छापण्याचा कारखाना लॅरी शर्मन या गोऱ्या व्यावसायिकाचा होता. लवकरच 'ट्रॅक्स' ही कंपनी त्याच्याच हाती उभी राहिली. हाऊसच्या पहिल्या पर्वातल्या कितीतरी महत्त्वाच्या रचना ट्रॅक्सने छापल्या. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' त्यांतच. रात्रपाळीला टपालखात्यात काम करणारा मार्शल जेफरसन, ढोलवादक लॅरी हर्ड, ही अशी नोकरी-धंदा करणारी पोरे. करारपत्र, स्वामित्वहक्क, मानधनाचा हिशेब ही भाषा त्यांना कुणी शिकवली नव्हती. थोडी रक्कम हातात पडे आणि रचना जाई.

यश मात्र आले. १९८६ साली फार्ली फंक याची तबकडी इंग्लंडच्या पहिल्या दहांत गेली. जानेवारी १९८७ मध्ये स्टीव्ह 'सिल्क' हर्ली याची 'जॅक युअर बॉडी' तेथे पहिल्या क्रमांकावर पोचली. शिकागोच्या दक्षिण भागातली अनोळखी पोरे परदेशात गाजली. पुढे हे संगीत युरोपचे झाले, मोठ्या उत्सवांचे झाले, अब्जावधींच्या धंद्याचे झाले. 'फोर्ब्स' मासिकाने २०१४ साली सर्वाधिक कमाई करणाऱ्या डीजेंची यादी छापली, तीत पहिल्या क्रमांकावरच्या स्कॉटिश डीजेची वर्षाची मिळकत ६ कोटी ६० लाख डॉलर दाखवली होती. वेअरहाऊसच्या पिढीतला एकही जण त्या यादीत नव्हता. त्याच वर्षी, ३१ मार्च २०१४ रोजी, फ्रँकी नकल्स वारला. त्याला मान मिळाला नाही असे नाही. १९९८ साली त्याला ग्रॅमी मिळाले, २००४ साली शिकागोने त्या रस्त्याला त्याचे नाव दिले, २०२३ साली ती इमारत वारसा म्हणून जाहीर झाली. मान मिळाला, पण ज्या बाजाराचा पाया त्याने घातला, त्याची मालकी दुसरीकडेच राहिली.

लॅरी हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी २०२० साली ट्रॅक्सवर दावा लावला. २०२२ साली तडजोड होऊन त्यांच्या रचनांचे हक्क त्यांना परत मिळाले. रचना १९८० च्या दशकातल्या, हक्क २०२२ साली! त्याच वर्षी मार्शल जेफरसन आणि इतर अनेकांनीही थकलेल्या मानधनासाठी न्यायालयाचे दार ठोठावले.

या व्यवहाराला आपल्या भाषेत जुने नाव आहे. बलुतेदाराला खळ्यावरचे धान्य मिळते, शेत मिळत नाही. त्याच्या कसबाचे कौतुक होते, प्रसंगी त्याला पागोटेही बांधतात. पण सातबारावर त्याचे नाव चढत नाही. नाव होणे आणि मालकी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यशाचे सल्ले देणारे यांतल्या पहिल्या गोष्टीबद्दलच बोलतात.

५

डेट्रॉइटच्या पोरांनी दुसऱ्या गोष्टीचा विचार लवकर केला. मोटारींचे हे शहर तेव्हा रिकामे होत चालले होते. १९५० साली साडेअठरा लाखांची असलेली वस्ती १९८० पर्यंत बारा लाखांवर आली होती. कारखान्यात माणसांच्या जागी यंत्रे येत होती. ज्या यंत्राने बापाची नोकरी खाल्ली, त्याच यंत्राच्या आवाजातून मुलांनी 'टेक्नो' घडवले. हुआन अ‍ॅटकिन्स याने १९८१ साली आपल्या जोडीदाराबरोबर 'अ‍ॅलीज ऑफ युअर माइंड' स्वतःच्याच छापाखाली काढली आणि १९८५ साली 'मेट्रोप्लेक्स' ही कंपनी काढली. डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनीही आपापल्या कंपन्या काढल्या. केली हँड हिने १९९० साली 'अकेशिया' ही स्वतःची कंपनी काढली. पुरुषांच्या या धंद्यात बाईला दुसऱ्याच्या दारात उभे राहून चालणार नाही, हे तिने ओळखले होते.

सर्वांत पुढे गेली ती 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स', म्हणजे भूमिगत प्रतिकार. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी ती उभी केली. चेहऱ्यावर मुखवटे, छायाचित्रांना नकार. आणि पाठीशी तबकड्या विकणारी 'सबमर्ज' ही स्वतःची वितरणसंस्था. आपला चेहरा सतत लोकांपुढे ठेवा, या सल्ल्याच्या अगदी उलट वाट. १९९९ साली त्यांनी रोलांडो या साथीदाराची 'नाईट्स ऑफ द जॅग्वार' काढली. ती गाजताच सोनीच्या जर्मन शाखेने परवानगीशिवाय तीच धून दुसऱ्यांकडून करवून बाजारात आणली. जगभरच्या श्रोत्यांनी निषेधाची इतकी पत्रे पाठवली, की सोनीला माघार घ्यावी लागली. लगेच बीएमजी या दुसऱ्या कंपनीने तोच उद्योग केला, हेही सांगितले पाहिजे. भांडवल एका दारातून हाकलले की दुसऱ्या दारातून येते. तरीही फरक उरतोच. शिकागोच्या कलावंतांना हक्कांसाठी तीस-पस्तीस वर्षांनी न्यायालयात जावे लागले. डेट्रॉइटच्या या मंडळींना त्याच वर्षी लढता आले, कारण मूळ तबकडी त्यांची होती.

बाबासाहेबांनी हे फार आधी जाणले होते. १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत', आणि पुढे स्वतःचा भारतभूषण छापखाना. इतरांच्या पत्रांत जागा मागत बसण्यापेक्षा पत्र आपले असावे आणि छापखानाही आपला असावा, हा त्यामागचा विचार होता. शर्मनजवळ छापण्याचा कारखाना होता, एवढ्यावर त्याने एका पिढीचे संगीत ताब्यात ठेवले. छापखान्याचे महत्त्व ज्या चळवळीने ओळखले, तिला हे समजायला जड जाऊ नये.

६

आणि तरीही आपल्या वस्तीतल्या डीजेबद्दल आपण काय बोलतो? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतांवर ठेका चढवणारी पोरे हीच आपल्याकडची अनोळखी डीजेंची पिढी. जुन्या संगणकावर, मोबाईलवर ती शिकली. त्यांच्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आवाजाचा, आणि तो रास्त आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि डीजेची भिंत शंभराच्या पुढे सहज जाते. वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या छातीला आणि तान्ह्या पोरांच्या कानाला तो आवाज बाधतो. मात्र हा नियम सर्वांच्या मिरवणुकांना सारख्याच कडकपणे लावला जातो काय, हा प्रश्न त्याच दमात विचारला पाहिजे. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्या वादातून एका दलित तरुणाला ठार मारण्यात आले. खिशातल्या मोबाईलचा आवाज किती डेसिबल असतो? तेव्हा आवाजाचे प्रत्येक भांडण डेसिबलचेच असते, असे मानता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की यंत्राने जलसा भ्रष्ट केला. हा मला मान्य नाही. हलगी वाजवणे हे जातीने लादलेले काम होते. गावाने नाचायचे आणि वाजवणाऱ्याने दाराबाहेर उभे राहायचे. वस्तीने वर्गणी काढून आणलेला डीजे निदान आपल्या मर्जीने, आपल्या नायकासाठी वाजतो. प्रश्न यंत्राचा नाहीच. यंत्राभोवतीच्या व्यवहाराचा आहे. वर्गणी आपली, गाणे आपले, नाचणारे आपले. पण ट्रकवरची साऊंडची भिंत भाड्याची, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क कॅसेट कंपन्यांकडे. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली आणि आयुष्य हलाखीत काढले. आज त्यांच्या गाण्यावर ठेका चढवणारा पोरगा स्वतःचे आणि गावाचे नाव मोठ्या अक्षरांत टाकतो, आणि कवीचे नाव टाकायचे विसरतो. ट्रॅक्सने जे काळ्या पोरांचे केले, तेच आपण नकळत आपल्या शाहिराचे करतो आहोत. हा दोष त्या पोरांचा कमी आणि आपला, शिकलेल्यांचा, जास्त आहे. आपण त्यांना नाके मुरडली. करारपत्र कसे वाचायचे हे सांगितले नाही.

वखार मिळाली म्हणून नकल्स घडला, चौथ्यांदा ऐकणारी गर्दी मिळाली म्हणून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' टिकले, आणि तबकडी हातची सुटली नाही म्हणून डेट्रॉइटला लढता आले. आपल्या पोरांना गर्दी आयती मिळाली आहे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर जमते तेवढी गर्दी कुठल्या डीजेच्या नशिबी असते? जागा वर्षातून एक दिवस मिळते, तीही पोलिसांच्या परवान्यावर. उरलेले दिवस वस्तीतले समाजमंदिर कुलूपबंद असते. ते संध्याकाळी उघडून द्यायला काय हरकत आहे? तेथे भिंत हादरवण्याइतका आवाज लागत नाही. शिकायला बेताचा आवाज पुरतो. गावोगावच्या जयंती मंडळांनी दरवर्षी भाड्यात घालवलेली वर्गणी दोन-तीन वर्षे एकत्र साठवली, तर माफक आवाजाची, आपल्या मालकीची यंत्रसामग्री सहकारी तत्त्वावर उभी राहू शकते. विधी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वामित्वहक्काचा कायदा सोप्या मराठीत या पोरांपर्यंत न्यावा. आणि प्रत्येक मिश्रणावर कवीचे, गायकाचे आणि ठेका बांधणाऱ्याचे अशी तिन्ही नावे असावीत, ही अट मंडळांनीच घालावी. त्याला पैसा लागत नाही. पुढच्या चौदा एप्रिलपासून ते करता येईल.